छेद, अंकुर आणि काळ

एल्मचे एक पान तळहातावर घ्यावे आणि देठाजवळ दृष्टी स्थिर करावी. मधल्या शिरेच्या एका अंगाचा हिरवा पट देठावर थोडा खालपर्यंत उतरतो, दुसऱ्या अंगाचा किंचित वरच थांबतो. दोन्ही अर्धे एका बिंदूत येऊन मिळत नाहीत. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक या खुणेवरून एल्मला ओळखतो. रसिकाला मात्र ही खूण ओळखीच्याही पुढे घेऊन जाते. दोन बाजू असमान असूनही पान कलंडल्यासारखे वाटत नाही. काठावरचे बारीक दाते, एकामागोमाग निघालेल्या समांतर शिरा, टोकाकडे निमुळता होत गेलेला आकार हे सारे मिळून त्या तिरकस आरंभाला सावरून घेतात. सारखेपणावाचून साधलेला हा तोल मनात ठेवला, की उथळ कुंडीत उभ्या असलेल्या एल्मच्या बोन्सायकडे पाहण्याची वाट आपल्याला सापडते. पानाच्या देठापाशी जे घडले आहे तेच फांदीत, खोडात, मुळांत आणि अखेर झाड व कुंडी यांच्या नात्यात पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

बोन्सायकारांचे सर्वाधिक प्रेम ज्याला लाभले तो चिनी एल्म, शास्त्रीय नावाने उल्मस पार्विफोलिया. चीन, कोरिया आणि जपान ही त्याची मायभूमी. मोकळ्या जमिनीत तो पंधरा-अठरा मीटर उंच होतो, पण एवढ्या मोठ्या झाडाचीही पाने जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटर लांब असतात. म्हणजे नाजूकपण त्याच्या स्वभावातच आहे. कुंडीत आल्यावर ते नव्याने शिकवावे लागत नाही. शेंडे वारंवार खुडले, की एका जोमदार फांदीकडे जाणारे बळ अनेक कोवळ्या डहाळ्यांत वाटले जाते, प्रत्येक डहाळीच्या वाट्याला थोडे थोडे येते आणि पान एका सेंटिमीटरच्याही आत येऊन थांबते. वडाचे किंवा पिंपळाचे बोन्साय करणाऱ्यांना पानाच्या आकाराशी केवढी झुंज द्यावी लागते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एल्मची ही सहजता विशेष सुखावते. ‘कॅटलिन’ नावाच्या जातीत तर पान याहूनही इवले होते. कॅलिफोर्नियातले बोन्सायकार जॉन कॅटलिन यांच्या नावाने ही जात आज जगभर ओळखली जाते. आणि या लहानपणाचा परिणाम पाहा. आपला डोळा झाडाची उंची फूटपट्टीने मोजत नाही, तो ती पानाच्या मापाने मोजतो. पान जितके बारीक, तितके त्याखालचे हातभर खोड भव्य भासू लागते. एल्मच्या कुंडीसमोर उभे राहिल्यावर क्षणभराने आपणच लहान होऊन त्या झाडाखालच्या सावलीत उभे आहोत असे वाटते, ती किमया या पानाची.

पानावरून दृष्टी खोडावर उतरू द्यावी. तरुण चिनी एल्मचे खोड राखाडी आणि गुळगुळीत असते. वय वाढू लागले की सालीचे पातळ, वेडेवाकडे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याखालून नवी साल डोकावते, कुठे नारिंगी, कुठे मातकट, कुठे फिकट हिरवट, कुठे सायीच्या रंगाची. जुना पापुद्रा जिथे अजून चिकटून आहे आणि नुकताच जिथून गळाला आहे त्यांच्या सीमारेषांमधून खोडावर एक नकाशा तयार होतो, आणि तो दर वर्षी थोडा बदलतो. याच जातीत बुचासारख्या जाड, भेगाळ सालीचेही प्रकार आहेत. ‘सेइजू’ हा त्यांतला एक लाडका प्रकार. त्याच्या खडबडीत सालीवर बोट फिरवले, की विलक्षण विरोधाभासाचा आनंद मिळतो : वर पोवळ्याच्या मण्याएवढी पाने आणि खाली शतकाचे ऊन-पाऊस सोसल्यासारखे खोड. वयाचा हा आभास निर्माण करायला देवदार-पाइनला फार वर्षे लागतात. एल्म आपल्या सालीतून तो लवकर आणि मुक्तहस्ते देतो.

एल्मची साल ही केवळ बोन्सायच्या रसिकांनाच भुरळ घालणारी गोष्ट नाही. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने 1821च्या सुमारास कागदावर तैलरंगांत एका एल्मच्या खोडाचा अभ्यास रंगवला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या चित्राला ना विषय आहे ना कथा. झाडाचा शेंडा त्यात दिसत नाही, मुकुटही नाही. भेगांनी विदीर्ण झालेली साल, जमिनीत शिरणारा बुंधा आणि त्याच्या पायाशी गवत, एवढ्यावरच त्या थोर निसर्गचित्रकाराची नजर खिळून राहिली. संपूर्ण झाडाचे व्यक्तित्व त्याच्या तळाशी एकवटलेले असते, हे त्याने जाणले होते. बोन्सायची परंपराही आपल्याला हेच सांगते, आणि म्हणून जाणकार माणूस कुंडीसमोर आला की आधी खाली पाहतो, मग वर.

खाली काय दिसते? मातीच्या पृष्ठभागावर चारी दिशांना पसरत गेलेली मुळे, जपानी बोन्सायकार ज्यांना नेबारी म्हणतात. एल्मची मुळे दणकट आणि मांसल असतात. वर्षानुवर्षे शेजारी शेजारी वाढताना ती एकमेकांत मिसळतात, त्यांच्यामधली माती नाहीशी होते आणि बुंध्याभोवती एक सलग बैठक तयार होते. खोड कुठे संपले आणि मूळ कुठे सुरू झाले, ती रेषाच सापडत नाही; खोड जणू मातीवर पाझरत गेले आहे. ही बैठक आपोआप घडत नाही. बोन्सायकार दर दोन-तीन वर्षांनी, कळ्या फुगण्याच्या सुमारास झाड कुंडीतून उचलतो, सरळ खाली जाणारी मुळे कापून टाकतो, आडवी पसरणारी जपतो, त्यांना बोटांनी विंचरून चहूकडे मांडतो आणि पुन्हा मातीत ठेवतो. कापलेल्या प्रत्येक टोकाशी बारीक तंतुमुळांचा झुबका फुटतो; म्हातारे झाड आपल्या मुळांपाशी सतत तरुण होत राहते. एल्मचे औदार्य तर असे, की कापून बाजूला पडलेला पेन्सिलीएवढा मुळाचा तुकडासुद्धा, टोक मातीच्या किंचित वर ठेवून लावला, तर फुटतो आणि स्वतंत्र झाड होतो. मातीच्या अंधारात वाढताना त्या मुळाने घेतलेली वळणे आता त्या नव्या झाडाच्या खोडाची वळणे होतात. जमिनीखालची एक रेषा उजेडात येऊन वृक्ष होते, ही कल्पनाच किती रम्य आहे!

आता खोडाची रेषा पाहू, आणि तिथे क्षणभर रेंगाळू, कारण एल्मच्या बोन्सायचा प्राण या रेषेत आहे. एखादा गायक विलंबित ख्यालात षड्जावर भरदार थांबतो आणि मग एकेक स्वर घेत, प्रत्येकाला त्याचा अवकाश देत वर जातो, तशी ही रेषा बुंध्यापाशी स्थूल आणि शांत असते, पहिल्या वळणापर्यंत सावकाश जाते, तिथे कूस बदलते, पुढचा टप्पा थोडा आखूड आणि थोडा बारीक, पुन्हा वळण, त्याहून आखूड टप्पा, आणि शेंड्याशी ती केसाइतक्या डहाळ्यांत विरून जाते. जाडीकडून बारकाव्याकडे होणारा हा प्रवास जिथे कुठेही अडखळत नाही ते झाड उत्तम. पण ही रेषा घडते कशी, हे कळले म्हणजे आस्वादाची खोली एकदम वाढते.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ परिसरात लिंगनान नावाची एक परंपरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरली. कुंडीतल्या वृक्षांच्या कलेला चिनी लोक पेनजिंग म्हणतात, आणि त्यात प्रांतोप्रांतीच्या शैली आहेत. यांगझौचे कलावंत माडाच्या जातीच्या झाडांचा काथ्या वापरून कोवळ्या फांद्या वाकवतात आणि इंचभर लांबीत तीन वळणे घालण्याचे कौशल्य मिरवतात. पानांचे थर ढगांच्या पातळ कापांप्रमाणे आडवे पसरलेले दिसतात. लिंगनानच्या कलावंतांनी काथ्या आणि तार बहुतांशी बाजूला ठेवली आणि कात्रीवर विसंबले. फांदी निवडायची, तिला मोकळेपणी वाढू द्यायचे, खालच्या भागाच्या मानाने तिला शोभेल इतकी जाडी येईपर्यंत थांबायचे, आणि मग हव्या त्या दिशेच्या डोळ्यापाशी ती निर्धाराने छाटायची. त्या डोळ्यातून फुटलेली नवी फांदी पुन्हा तशीच वाढवायची, पुन्हा छाटायची. एकेका टप्प्याला काही वर्षे लागतात. म्हणजे आपण ज्याला वळण म्हणतो ते वाकवलेले नाही. तिथे एक फांदी थांबली आणि दुसरी सुरू झाली आहे. एल्म ही या पद्धतीची अत्यंत आवडती जात, कारण छाटीला उत्तर देण्यात तो कधी कंजूषपणा करत नाही. कोवळ्या डहाळीवर छाटा, अंकुर येतो. जून फांदीवर छाटा, जखमेच्या कडेने अंकुरांची रांगच उभी राहते. आपल्याकडे कुंती म्हणून परिचित असलेली, पांढऱ्या सुगंधी फुलांची वनस्पतीही याच शैलीत फार मानाने वाढवली जाते, पण एल्मइतके तत्पर उत्तर क्वचितच कुणाकडून येते.

या उत्तरातही एल्मचे स्वतःचे व्याकरण आहे. मेपलच्या डहाळीवर पाने समोरासमोर जोडीने येतात, म्हणून छाटल्यावर दोन फांद्या एकदम फुटतात आणि सर्वत्र दुबेळके दिसते. एल्मची पाने एकाआड एक येतात, एक डावीकडे, पुढचे उजवीकडे. कुठल्या पानावर कापायचे हे ठरले, की फांदी पुढे कुठे वळणार हे ठरले. पाच-सहा पाने झालेली डहाळी दोन पानांवर आणली, की शेवटच्या पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि वाट थोडी तिरपी होते. पुढच्या खुडणीत ती पुन्हा दुसऱ्या बाजूला तिरपी होते. अशा असंख्य लहान निर्णयांतून फांदीला जी टोकदार, नागमोडी लय येते, ती चिनी चित्रकलेच्या रसिकाला लगेच ओळखीची वाटते. गुओ शी या चित्रकाराने 1072 साली रेशमावर रंगवलेल्या वसंतारंभाच्या निसर्गचित्रात, जे आता तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, निष्पर्ण फांद्यांची टोके खेकड्याच्या नांग्यांसारखी खाली वळलेली आहेत. पुढे 1679 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या एका विख्यात चित्रकला-पाठ्यग्रंथात फांद्यांचे हे खेकडा-नांगी आणि हरिण-शिंग असे प्रकार नवशिक्यांसाठी रीतसर मांडून दाखवले गेले. लिंगनानच्या कलावंताने कुंचल्याचे काम कात्रीला दिले एवढेच. हाँगकाँगचे बँकव्यवसायी वू यी-सुन यांनी आपल्या मान लुंग उद्यानात या शैलीची झाडे आयुष्यभर जोपासली आणि 1984 साली मॉन्ट्रियलच्या वनस्पती उद्यानाला, पाठोपाठ 1986 साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय व पेनजिंग संग्रहालयाला त्यांतली झाडे भेट दिली. समुद्रापलीकडच्या पाहणाऱ्यांना कात्रीने रेखाटलेली ही चित्रे प्रत्यक्ष पाहायला मिळाली ती अशी.

चीनमधून जपानकडे वळलो, की एल्मच्याच कुळातला एक सरळ, निर्मळ वृत्तीचा भाऊबंद आपली वाट पाहत असतो : केयाकी, म्हणजे झेलकोवा सेराटा. टोकियोतल्या ओमोतेसान्दो या प्रशस्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीच झाडे उभी आहेत. सैतामा प्रांताने तिला आपला प्रांतवृक्ष मानले आहे. आणि क्योतोच्या कियोमिझु मंदिराची 1633 साली पुन्हा उभारलेली, दरीवर झेपावणारी प्रसिद्ध लाकडी गच्ची केयाकीच्याच प्रचंड खांबांवर तोललेली आहे. त्या खांबांमागचे बळ मनात ठेवून आता कुंडीतली केयाकी पाहावी. सरळसोट, छोटेसे खोड. एका ठरावीक उंचीवर ते एकदम अनेक फांद्यांत फुटते. त्या फांद्या पुन्हा फुटतात, पुन्हा फुटतात, आणि वर अर्धगोलाकार, तलम जाळे तयार होते. उलट्या धरलेल्या खराट्याचा हा घाट. जपानी त्याला होकिदाची म्हणतात. मोकळ्या मैदानात वाढलेल्या केयाकीचा नैसर्गिक डौल हाच, म्हणून या घाटात कृत्रिमतेचा लवलेश जाणवत नाही. तो साधण्याची रीत मात्र मोठी धाडसी आहे. तरुण झाडाचे खोड हव्या त्या उंचीवर पार कापून टाकतात, छेदाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच देतात आणि जखम भरताना तिथे बेढब गाठ फुगू नये म्हणून भोवती घट्ट बांधून ठेवतात. वसंतात त्या कापल्या कडेतून अंकुरांचे कोंडाळे उसळते, त्यांतले मोजके राखले जातात आणि पुढची अनेक वर्षे त्यांच्या फाटेफुटीला वळण लावण्यात जातात. चिनी एल्ममध्ये छेद वळणाच्या रूपाने दिसत राहतो. केयाकीमध्ये तो इतका पूर्णपणे विरघळतो, की इथे कधी काळी खोड कापले होते यावर विश्वास बसत नाही. एकाच कुळातली ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे दोन्हींची गोडी वाढते.

या झाडांचा आस्वाद कोणत्या ऋतूत घ्यावा? एल्मची कोवळी पालवी मोहक असते, शरदातली पिवळी-तांबूस छटाही. पण जाणकारांचे मन रमते ते शिशिरात, शेवटचे पान गळाल्यावर. 1934 साली सुरू झालेले कोकुफू-तेन हे जपानचे सर्वांत प्रतिष्ठेचे बोन्साय प्रदर्शन टोकियोच्या उएनो भागातल्या महानगर कला संग्रहालयात भरते ते फेब्रुवारीत, ऐन थंडीत. आणि पानझडी झाडे तिथे आपल्या संपूर्ण निष्पर्णतेत मांडली जातात. पाने असताना झाडाचा मुकुट हे एक हिरवे वस्तुमान असते, त्यात पुष्कळ काही झाकून जाते. पाने गेली, की प्रत्येक निर्णय उघडा पडतो : कुठली फांदी संयमाने जाड होऊ दिली, कुठे घाई झाली, कुठे दोन डहाळ्यांमधून एक काढून तिसरीसाठी जागा केली. आणि सगळे जमून आलेले असेल, तर खोडाच्या ठाम रेषेपासून शेंड्याच्या धुक्यासारख्या जाळीपर्यंत दृष्टी एकदाही न थांबता जाते. त्या जाळीच्या टोकांवर मोहरीच्या दाण्याहून लहान तांबूस कळ्या असतात. येणारा वसंत तिथे आधीच येऊन बसलेला असतो. 1923च्या महाभूकंपानंतर टोकियोतले बोन्सायकार मोकळी जागा, चांगले पाणी आणि स्वच्छ हवा शोधत उत्तरेला ओमिया इथे गेले आणि 1925 साली त्यांनी तिथे बोन्साय-ग्राम वसवले. शहर उद्ध्वस्त झाले असताना या माणसांनी ज्यांना जपले त्यांत हिवाळ्यातली अशी नुसती, उघडी फांदीही होती. सौंदर्यावरची निष्ठा याहून निराळी काय असते?

झाडाइतकेच त्याच्या अवतीभोवतीचे रितेपणही वाचायला हवे. सूचिपर्णी वृक्षांना बहुधा बिनझिलईच्या, मातकट कुंड्या शोभतात. पानझडी एल्मला झिलईचा ओलसर उजाळा मानवतो. मळकट पांढरी, फिकट निळी किंवा शेवाळी रंगाची, लंबवर्तुळाकार, उथळ कुंडी. जपानच्या तोकोनामेची असो किंवा ग्वांगझौच्या शेजारच्या शिवान भट्टीतली. झाड तिच्या नेमक्या मध्यावर क्वचितच असते. ते थोडे एका बाजूला सरकलेले, आणि ज्या बाजूला त्याची लांब फांदी झेपावते त्या बाजूला मोकळी माती, तिच्यावर हिरव्या शेवाळाचा चढउतार. ती मोकळी जागा काढून टाका, फांदीची झेप निराधार होते. फांद्यांच्या थरांमधल्या पोकळ्याही अशाच. त्यांतून प्रकाश खोडापर्यंत पोहोचतो, आतल्या डहाळ्या जगतात, आणि आपल्या कल्पनेतला पक्षी विनाअडथळा आरपार उडून जाऊ शकतो. पानाच्या देठापाशी पाहिलेला तो असमान तोल इथे केवढा विस्तारला आहे! भरीव आणि पोकळ, जड आणि हलके, उजवे आणि डावे यांची वाटणी कुठेही सारखी नाही, आणि तरी कुठेही काही उणे नाही.

लहान असण्याचे एक आणखी मर्म एल्मच्या इतिहासातून उमगते. विसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेतल्या एल्मवृक्षांवर मोठा घाला आला. सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्यांबरोबर पसरणारी एक बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरते. तिला रोखण्याच्या धडपडीत झाड स्वतःच त्या नलिका बंद करते आणि तहानेने मरते. 1920च्या दशकात नेदरलँड्समध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेतल्या बेया श्वार्ट्झ आणि क्रिस्तीन बाउसमान या संशोधक स्त्रियांनी या रोगाचे कारण उलगडले. 1960च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या, अधिक भयंकर लाटेने एकट्या ब्रिटनमधून अडीच कोटींहून अधिक एल्म नाहीसे केले; कॉन्स्टेबलच्या चित्रांत आकाश पेलून उभे असलेले वृक्ष त्या भूमीवरून जवळजवळ पुसले गेले. पण त्यांची मुळे मेली नाहीत. शेताच्या कुंपणांतून त्यांना आजही धुमारे फुटतात, आणि जोवर ते ठेंगणे, पातळ सालीचे असतात तोवर भुंगेरे त्यांच्याकडे फिरकत नाहीत. ब्रिटिश बोन्सायकार अशाच कुंपणातल्या एल्मपासून झाडे घडवतात. मोठे होणे जिथे जिवावर बेतते, तिथे वितभर उंचीत आपल्या पूर्वजांचा सगळा डौल धारण करून तो वृक्ष उभा असतो. चिनी एल्म स्वभावतःच या रोगाला चांगले तोंड देतो. पण इंग्लिश एल्मच्या त्या कुंडीपाशी थांबताना आस्वादात एक गहिरी कृतज्ञता मिसळते.

आपल्या मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवरही चिनी एल्म आता परका राहिलेला नाही. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत अशा, पाणी झरझर निथळू देणाऱ्या मिश्रणात तो आनंदाने वाढतो. वैशाखात त्याला दुपारच्या उन्हापासून थोडा आडोसा आणि नियमित पाणी हवे असते, कोरड्या हवेत पानांमागे येणाऱ्या कोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि पावसाळ्यात तर त्याच्या वाढीला असा जोर चढतो, की फांदीला घातलेली अॅल्युमिनियमची तार वेळेवर सोडली नाही तर सालीत रुतून बसते. आपल्या उबदार हिवाळ्यात तो सगळी पाने गाळतोच असे नाही. शिशिरातले त्याचे रेखाचित्र पाहायचे असेल तर पाने हाताने उतरवावी लागतात. तसे एकदा करून पाहावे. दोन-अडीच आठवड्यांत पुन्हा पालवी येते, आणि मधल्या काळात आपल्या झाडाची खरी लिपी आपल्याला वाचायला मिळते.

ही लिपी उमगली, की तिचा उपयोग कुंडीपुरता राहत नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या रानांत, गावांच्या वेशींवर, रस्त्यांच्या कडेला वावळ उभा असतो. संस्कृतात चिरबिल्व, शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया, आणि कुळ एल्मचेच. माघ-फाल्गुनात त्याच्या पर्णहीन फांद्यांवर अगदी साधी, हिरवट फुले येतात आणि उन्हाळ्यात गोल, पातळ पंखांची चकतीसारखी फळे वाऱ्यावर गिरक्या घेत दूरवर जातात. एल्मचे बोन्साय मनापासून पाहिलेला माणूस त्या वावळाखाली आला, की तो तळापासून वाचू लागतो : मातीवर उघडी पडलेली मुळे, पापुद्रे सुटलेली साल, मग पहिले वळण. इथे कधी वादळात मुख्य फांदी मोडली असणार, बाजूच्या डोळ्याने वाट घेतली असणार. तिथे कुणी सरपणासाठी घाव घातला, आणि त्या घावाच्या कडेने पाच फांद्या उठल्या. जे काम कुंडीत कात्रीने केले, ते माळावर वाऱ्याने, विजेने, चरणाऱ्या जनावरांनी आणि कुऱ्हाडीने केलेले असते. आणि दोन्हीकडे झाडाचे उत्तर एकच असते, जिथे छेद तिथे अंकुर, जिथे अंकुर तिथे नवी दिशा. लिंगनानच्या कलावंताने हा नियम निर्माण केला नाही, त्याने तो वृक्षांकडून ऐकला आणि मोठ्या आदराने, वर्षानुवर्षांच्या धीराने पुन्हा उच्चारला. एल्मचे बोन्साय आपल्याला जो आनंद देते तो म्हणूनच केवळ कारागिरीचा नाही. उंची उणावली तरी तिथे काळ जराही उणावलेला नसतो. प्रत्येक वळणात एकेक तप सामावलेले असते, आणि ते वाचण्याची दृष्टी लाभली, की वितभर एल्मपासून गगनचुंबी वावळापर्यंतचे सगळे वृक्ष आपल्या रसिकतेच्या कक्षेत येतात.